फुकटचा राखणदार कुणाचा चाकर? व्हीपीएन निवडण्याआधी विचारायचे प्रश्न

आज आपण फोनमधल्या एका बारीक किल्लीबद्दल बोलणार आहोत.

फोनच्या वरच्या पट्टीत, जिथं बॅटरी आणि टॉवरच्या रेघा दिसतात, तिथं कधी कधी एक छोटी किल्ली दिसते. काही फोनवर तिथं व्हीपीएन ही तीन अक्षरं येतात. बऱ्याच जणींना ती कुठून आली हेच ठाऊक नसतं. कधी पोरानं गेमसाठी एखादं ॲप टाकलेलं असतं. कधी शिकायला लातूरला ठेवलेल्या लेकीला मैत्रिणीनं सुचवलेलं असतं. कधी व्हिडिओ बघता बघता जाहिरात येते, ‘तुमचा फोन धोक्यात आहे, हे फुकटचं ॲप घ्या’, आणि घाबरून बोट दाबलं जातं.

आता याच फोनवर काय काय असतं ते आठवा. गटाच्या बचतीचा हिशोब, बँकेचे मेसेज, यूपीआय, आधारचा फोटो, लाडक्या बहिणीचे पैसे जमा झाल्याचा निरोप, लेकीबाळींचे फोटो. मग ही किल्ली कुणाच्या हातात आहे, हे बघायला नको का?

लपवण्यासारखं काय आहे, असं म्हणू नका

गटात हा विषय निघाला की एखादी म्हणतेच, “आपण कुठं चोरी केली? आपल्याला काय लपवायचंय?” मैत्रिणींनो, आपण न्हाणीला आडोसा करतो तो चोरी केली म्हणून करत नाही. तो आपला मान असतो. पाळीचा त्रास, गर्भाची तपासणी, कर्जाची अडचण, नवऱ्याचं दारू पिणं, अशा गोष्टी आपण फोनवर शोधतो. कुणी काय शोधलं, हे तिच्या परवानगीशिवाय दुसऱ्यानं का बघावं?

देशाच्या सर्वोच्च न्यायालयानंही हे मान्य केलं आहे. २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायाधीशांच्या पीठानं एकमतानं सांगितलं की खाजगीपणा हा नागरिकाचा मूलभूत अधिकार आहे. निवृत्त न्यायमूर्ती पुट्टस्वामी यांच्या नावानं तो निकाल ओळखला जातो. तो अधिकार शहरातल्या साहेबाचा जेवढा, तेवढाच मुखेडच्या किंवा निलंग्याच्या बाईचा.

व्हीपीएन म्हणजे नेमकं काय

आधी साधा रस्ता समजून घेऊ. तुम्ही फोनवर एखादी वेबसाइट उघडता, तेव्हा तुमची मागणी आधी सिमकार्डाच्या कंपनीकडे जाते आणि तिथून पुढं त्या वेबसाइटकडे. वाय-फाय वापरत असाल, तर आधी वाय-फायवाल्याकडे जाते. हे झालं पोस्टमनच्या हातात पत्र देण्यासारखं.

पूर्वी हे पत्र उघड्या पोस्टकार्डासारखं असायचं, वाटेत कुणीही वाचावं. आता बहुतेक वेबसाइटच्या पत्त्याच्या सुरुवातीला एचटीटीपीएस असतं. म्हणजे पत्र पाकिटात बंद असतं. आतला मजकूर पोस्टमनला वाचता येत नाही. बँकेचं आणि यूपीआयचं काम असंच बंद पाकिटातून चालतं. पण पाकिटावरचा पत्ता पोस्टमनला दिसतोच. तुम्ही काय लिहिलं हे कळलं नाही, तरी कुणाला लिहिलं हे त्याला कळतं.

व्हीपीएन काय करतं? तुमचं पाकीट दुसऱ्या मोठ्या पाकिटात घालतं आणि आधी तिसऱ्याच माणसाकडे पाठवतं. समजा तो माणूस सिंगापुरात आहे. तुमच्या पोस्टमनला फक्त सिंगापूरचा पत्ता दिसतो. तो माणूस वरचं पाकीट फाडतो, आतलं पाकीट खऱ्या पत्त्यावर टाकतो आणि उत्तर आलं की तुम्हाला परत पाठवतो. वेबसाइटलाही वाटतं की पत्र सिंगापुरातूनच आलं.

इथंच खरी मेख आहे. पोस्टमनच्या डोळ्यावर पट्टी बांधली, पण त्या तिसऱ्या माणसाला सगळे पत्ते दिसू लागले. विश्वास ठेवायचा तो ठेवावाच लागला, फक्त माणूस बदलला. म्हणून व्हीपीएन चांगलं की वाईट, हा प्रश्न अपुरा आहे. तो तिसरा माणूस कोण, हा खरा प्रश्न.

व्हीपीएन काय करत नाही

जाहिरातीत सगळं रामबाण असतं, म्हणून हे स्पष्ट सांगतो.

खोट्या वेबसाइटपासून व्हीपीएन वाचवत नाही. सरकारी योजनेच्या नावानं खोटी पानं तयार होतात. लाडकी बहीण योजनेच्या ई-केवायसीच्या वेळीही तशी पानं निघाली होती. तिथं तुम्ही स्वतःच्या हातानं आधार नंबर आणि ओटीपी टाकलात, तर पाकिटात पाकीट घालून तुम्ही ते चोरालाच पोचतं केलंत. महाराष्ट्र सरकारच्या योजनेचं पान उघडताना पत्त्याच्या शेवटी ‘महाराष्ट्र डॉट गव्ह डॉट इन’ आहे का ते बघा.

फेसबुक आणि गूगलपासूनही व्हीपीएन लपवत नाही, कारण तिथं तुम्ही आपल्या नावानं आत गेलेल्या असता. ओटीपी मागणाऱ्या फोनपासून वाचवत नाही. नेट बंद असेल तर ते सुरूही करत नाही. २०२३ साली आरक्षण आंदोलनाच्या काळात बीड आणि जालना जिल्ह्यांत इंटरनेट बंद झालं होतं. रस्ताच नसेल, तर पाकीट कितीही पक्कं असो, जाणार कुठून?

आणि एक नाजूक गोष्ट. घरातलाच कुणी तुमचा फोन हातात घेऊन तपासत असेल, तर व्हीपीएनचा काही उपयोग नाही. तुम्ही काय शोधलं त्याची यादी फोनमध्येच राहते. उलट ती किल्ली दिसली की ‘काय लपवतेस?’ म्हणून नवा जाच सुरू होऊ शकतो. अशा वेळी मदतीसाठी १८१ हा महिला हेल्पलाइनचा नंबर आहे. शक्य असेल तर आपल्या फोनवरून न लावता विश्वासातल्या दुसऱ्या बाईच्या फोनवरून लावा.

फुकटचं कसं महागात पडतं

ही सेवा चालवायला मोठे संगणक लागतात, वीज लागते, पगारी माणसं लागतात. मग कुणी ती फुकट का देईल? गावात कुणी फुकट बी-बियाणं वाटायला लागला तर आपण आधी विचारतो, “का रं बाबा?” इथंही तेच विचारायचं. जगात घडलेल्या काही गोष्टी ऐका.

२०१६ साली ऑस्ट्रेलियातल्या सीएसआयआरओ या सरकारी संशोधन संस्थेच्या आणि इतर संशोधकांनी अँड्रॉइड फोनवरची २८३ व्हीपीएन ॲप तपासली. शंभरातल्या ३८ ॲपमध्ये फोनला घातक ठरू शकणारे अंश सापडले. शंभरातली ७५ ॲप वापरणाऱ्यावर नजर ठेवणाऱ्या बाहेरच्या कंपन्यांचे तुकडे पोटात घेऊन होती. आणि शंभरातली १८ तर पाकीट बंदच करत नव्हती. राखणदार म्हणून ठेवला आणि त्यानं दाराला कडीच घातली नाही, असा प्रकार.

दुसरी गोष्ट फेसबुकची. २०१३ साली फेसबुकनं ओनावो नावाची कंपनी विकत घेतली. तिचं व्हीपीएन ॲप लोकांना ‘तुमची माहिती सुरक्षित ठेवतो’ असं सांगत होतं. प्रत्यक्षात लोक कोणकोणती ॲप किती वापरतात, ही माहिती त्यातून फेसबुकला मिळत होती. ॲपल कंपनीच्या हरकतीनंतर २०१८ साली ते आयफोनच्या दुकानातून गेलं आणि २०१९ साली बंदच झालं. २०२३ साली ऑस्ट्रेलियाच्या न्यायालयानं ग्राहकांची दिशाभूल केली म्हणून फेसबुकच्या दोन उपकंपन्यांना मिळून २ कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरचा दंड केला.

तिसरी गोष्ट होला या फुकटच्या सेवेची. २०१५ साली उघड झालं की ती आपल्या वापरकर्त्यांचं इंटरनेट दुसऱ्या गिऱ्हाइकांना विकत होती. म्हणजे तुमच्या पत्त्यावरून भलताच माणूस पत्र टाकणार. उद्या त्यानं काही गुन्हा केला, तर पोलीस आधी कुणाच्या दारात येतील? आपल्या सातबारावर न विचारता दुसऱ्यानं कर्ज उचलावं, त्यातलाच हा प्रकार.

चौथी गोष्ट २०२० सालची, हाँगकाँगची. सात वेगवेगळ्या नावांची फुकटची व्हीपीएन ॲप सांगत होती की आम्ही कुठलीही नोंद ठेवत नाही. पण त्यांचा नोंदींचा साठा इंटरनेटवर उघडा सापडला. त्यात वापरणाऱ्यांच्या हालचाली होत्या आणि पासवर्डसुद्धा होते. वर पाट्या सात होत्या, पण सगळ्यांचा माल एकाच कोठारात पडलेला होता.

आपल्या देशातला नियम

२८ एप्रिल २०२२ रोजी केंद्र सरकारच्या सर्ट-इन या सायबर सुरक्षा संस्थेनं एक आदेश काढला. व्हीपीएन सेवा देणाऱ्या कंपन्यांनी ग्राहकाचं नाव, पत्ता, फोन नंबर, ईमेल, त्याला दिलेला इंटरनेटचा पत्ता आणि तो सेवा कशासाठी घेतो, याची नोंद पाच वर्षं ठेवायची. ग्राहकानं सेवा सोडली तरीही. सायबर गुन्ह्याचा माग काढायला या नोंदी लागतात, ही सरकारची बाजू. व्हीपीएन कंपन्यांसाठी हा नियम सप्टेंबर २०२२ पासून लागू झाला.

नोंदी न ठेवणं हाच आमचा धंदा आहे, असं म्हणणाऱ्या एक्सप्रेसव्हीपीएन, सर्फशार्क, नॉर्डव्हीपीएन, प्रोटॉन अशा परदेशी कंपन्यांनी त्यानंतर भारतातले आपले संगणक काढून नेले. आता त्यांच्यापैकी काही कंपन्या सिंगापूरसारख्या ठिकाणचे संगणक वापरून भारताचा पत्ता देतात.

व्हीपीएन वापरणं भारतात सर्वसाधारणपणे बेकायदेशीर नाही. जम्मू-काश्मीरच्या काही जिल्ह्यांत प्रशासनानं काही काळ बंदी घातली होती, तो अपवाद. पण जो गुन्हा आहे तो व्हीपीएनमधून केला तरी गुन्हाच राहतो, हे पोरांना नीट समजावून सांगा.

गटाच्या नजरेनं सहा प्रश्न

नव्या बाईला गटात घेताना किंवा कर्ज देताना आपण चार गोष्टी विचारतोच. इथंही तशाच विचारायच्या. एकटीला जमत नसेल तर गटातल्या शिकलेल्या पोरीला मदतीला घ्या.

पहिला प्रश्न, मालक कोण? कंपनीचं नाव, देश, पत्ता आणि चालवणारी माणसं उघडपणे सांगितलेली आहेत का? ज्याचं घरदार माहीत नाही त्याच्या हाती आपण गटाची पेटी देत नाही.

दुसरा प्रश्न, पैसा कुठून येतो? ग्राहक पैसे देत असेल तर धंदा सरळ आहे. फुकट देत असेल तर खर्च कोण भागवतो, हे समजलं पाहिजे. प्रोटॉनसारख्या कंपनीची फुकट सेवा पैसे भरणाऱ्या ग्राहकांच्या जिवावर चालते, आणि तसं ती उघड सांगते. ज्याचा खर्च कसा भागतो ते कळतच नाही, तिथं विकला जाणारा माल बहुधा आपणच असतो.

तिसरा प्रश्न, नोंद काय ठेवतात? इथं गटाच्या उलट नियम लागतो, म्हणून लक्ष द्या. गटाच्या पंचसूत्रीत नियमित हिशोब लिहिणं हा मोठा गुण आहे. व्हीपीएनमध्ये मात्र तुम्ही कुठं गेलात, काय बघितलं, याची वही न लिहिणारा भला. जी वही लिहिलीच नाही ती चोरीला जात नाही आणि विकलीही जात नाही.

चौथा प्रश्न, कुणी तपासलं? ‘आम्ही नोंद ठेवत नाही’ असं लिहायला काय जातं? हाँगकाँगच्या त्या सातांनीही तेच लिहिलं होतं. गटाचं ऑडिट गटाचीच सचिव करत नाही, बाहेरचा माणूस करतो. चांगल्या कंपन्या बाहेरच्या तपासनीसांकडून तपासणी करून घेतात आणि तिचा अहवाल सगळ्यांसमोर ठेवतात. प्रसंग आला तेव्हा काय झालं, हेही बघावं. १८ एप्रिल २०२३ रोजी स्वीडनचे पोलीस मुलवाड नावाच्या व्हीपीएन कंपनीच्या कचेरीत झडतीचं वॉरंट घेऊन आले. ही कंपनी ग्राहकाचं नावही विचारत नाही, ईमेलही मागत नाही, फक्त एक खाते क्रमांक देते. कंपनीनं पोलिसांना दाखवलं की ग्राहकांची तशी माहिती आमच्याकडे साठवलेलीच नाही. पोलीस काही न घेता परत गेले. जाड भिंत म्हणजे भक्कम घर नव्हे, हे १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपानं आपल्याला फार मोठी किंमत घेऊन शिकवलं. दगड मातीत नुसते रचलेत की एकमेकांत बांधलेत, हे आत बघितल्याशिवाय कळत नाही.

पाचवा प्रश्न, कुठल्या देशाचा कायदा? कंपनी आणि तिचे संगणक ज्या देशात, तिथल्या सरकारचा आदेश तिला मानावा लागतो. आपल्याकडच्या नियमाचं वर सांगितलंच.

सहावा प्रश्न, ॲप फोनमध्ये काय काय मागतं? पाकीट पोचवायला तुमचे एसएमएस, फोनबुक, फोटो, माइक लागत नाहीत. व्हीपीएन ॲपनं हे मागितलं की तिथंच त्याला रामराम करा. वर्षाचे पैसे एकदम भरू नका, आधी एक महिना घ्या. ‘आयुष्यभरासाठी फक्त एवढेच रुपये’ असली जाहिरात दिसली तर दोन नंबरचा प्रश्न पुन्हा विचारा. यूपीआयचं ऑटोपे सुरू झालंय का तेही तपासा, नाहीतर महिन्याला गुपचूप पैसे कापले जातील.

आम्ही ज्या कंपन्यांची नावं घेतली ती उदाहरणासाठी घेतली. अमकी घ्या असा आमचा सल्ला नाही. मालक बदलतो, नियम बदलतात. हे सहा प्रश्न मात्र दरवेळी उपयोगी पडतील.

मग आपल्याला हे लागतं का?

घरी बसून स्वतःच्या सिमच्या नेटवर बँकेचं, यूपीआयचं, व्हॉट्सॲपचं काम करणाऱ्या बहुतेक बायांना व्हीपीएनची गरज नाही. ते काम आधीच बंद पाकिटातून जातं. शिवाय व्हीपीएन चालू असलं की काही बँकांची ॲप चालतही नाहीत.

रेल्वे स्टेशन, दवाखाना किंवा वसतिगृहाचं फुकट वाय-फाय रोज वापरणाऱ्या मुलीला, एखाद्या विषयावर काम करणाऱ्या कार्यकर्तीला किंवा पत्रकार बाईला मात्र त्याचा उपयोग होऊ शकतो. त्यांनी चांगलं, पारखलेलं घ्यावं. आणि ज्याची पारख करता येत नाही ते घेण्यापेक्षा काहीच नसलेलं बरं. सिमची कंपनी निदान परवानाधारक असते, तिच्याविरुद्ध तक्रार कुठं करायची हे माहीत असतं. परक्या देशातल्या बिननावाच्या ॲपविरुद्ध आपण कुणाकडे जाणार?

पुढच्या बैठकीत एवढं करा

बचत गोळा झाली की दहा मिनिटं काढा आणि सगळ्याजणींनी आपापले फोन बाहेर काढा. सेटिंगमध्ये जाऊन वरच्या शोधाच्या चौकटीत व्हीपीएन लिहा. फोनमध्ये असलेल्या व्हीपीएनची नावं समोर येतील. प्रत्येक नावाला विचारा, तुला कुणी आणलं आणि कशासाठी? उत्तर सापडलं नाही तर आधी त्या यादीतून त्याला काढा, मग ॲप काढून टाका. ते चालू असताना कुठं पासवर्ड टाकले असतील तर ते बदला. बदलताना घरातल्या कुणावर ओरडू नका. पोरांना भीती वाटली तर पुढच्या वेळी ती लपवून टाकतील.

मग फोनला स्क्रीन लॉक लावा, व्हॉट्सॲपला दोन टप्प्यांची पडताळणी लावा, फोनचं अपडेट आलं असेल तर करून घ्या. या तीन गोष्टींना एक रुपयाही लागत नाही आणि बहुतेकींना कुठल्याही व्हीपीएनपेक्षा याच जास्त उपयोगी पडतात.

आणि पैसे गेलेच, तर लाजत बसू नका, घरी काय म्हणतील याचा विचार करत वेळ घालवू नका. लगेच १९३० या नंबरला फोन करा आणि बँकेला कळवा. जितक्या लवकर कळवाल तितकी पैसे अडवण्याची शक्यता जास्त. हा नंबर आजच गटाच्या वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा, म्हणजे वेळेला शोधाशोध नको.